दाब पडला की आवाज उतरतो

मित्रांनो, या, जवळ या, पण फार जवळ नको. माझ्या अंगावरची काळी पूड एकदा कपड्याला लागली की जाता जात नाही, आणि मग घरी बोलणी तुम्हाला बसतात, मला नाही. तो उलटा डबा दिसतोय ना, त्यावर बसा. सध्या रिकामा आहे. सकाळपासून कामाला जुंपलेली होते, आत्ता कुठे चाक थांबलंय. अंग अजून गरम आहे. बोलायला मला एवढाच काय तो वेळ मिळतो.

मी एक जुनी बफिंग मशीन आहे. नावावरून काही उमगलं नसेल तर नीट बघून घ्या. मधे बिडाची जाडजूड मोटर, तिच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेले लांब दांडे आणि दांड्यांच्या टोकांना कापडाच्या चकत्या शिवून केलेली चाकं. चाक फिरायला लागलं की त्यावर पॉलिशची वडी घासायची आणि मग गाडीचा सुटा भाग टेकवायचा. दाराची मूठ, आरशाची पाठ, चाकावरची टोपी, बंपर, काहीही. येताना काळवंडलेला असतो, जाताना लख्ख होऊन जातो. तशी गाडी रस्त्यावरून गेली की लोक माना वळवून बघतात. मला बघायला कोणी मान वळवत नाही. असो. तक्रार करायची सवयच लागलीय मला, तुम्ही मनावर घेऊ नका.

माझं अंग एका ओतशाळेत तयार झालं. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, थंड झाल्यावर ठोकून बाहेर काढलं, कानशीने कडा घासल्या आणि हिरवा रंग फासला. तो रंग तेव्हा मला फार आवडायचा. आता कुठेतरी खाचेत थोडा उरलाय. पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवली, बेअरिंग ठोकली आणि पहिल्यांदा वीज सोडली. मी थरथरले, मग गुणगुणायला लागले. बसवणारा कारागीर म्हणाला, "हिचा गळा बरा आहे." माझं ते पहिलं कौतुक. पुढे बरीच वर्षं दुसरं झालं नाही.

मला एका नळाच्या कारखान्यात नेलं. तिथे काय, नळ, नळ आणि नळ. तुम्ही सकाळी झोपाळू डोळ्यांनी ज्याच्याखाली तोंड धुता ना, तो नळही कधीतरी कोणीतरी चोळून चोळून गुळगुळीत केलेला असतो. कामगार पाळीपाळीने यायचे, डबा खायला उठायचे, एकमेकांची टिंगल करायचे, घरी जायचे. मी तिथेच. एक पाळी सुटली की दुसरी हजर. माझा जोर हळूहळू कमी झाला. चाकावर कोणी जास्त दाबलं की माझा सूर खाली यायचा, कण्हल्यासारखा. त्यावर कामगार म्हणायचे, "झालं, म्हातारीची कुरकुर सुरू!" त्यांचंही बरोबर होतं. त्यांना ठरलेले नळ पुरे करायचे असायचे. मग एक दिवस मोठं आपोआप चालणारं यंत्र आलं आणि मला भिंतीकडेला सरकवलं. पुढे मी जुन्या यंत्रांच्या दुकानात जाऊन पडले.

त्या दुकानातले दिवस आठवले तरी अंगावर गंज चढतो. माझ्या एका बाजूला जबडा तुटलेलं ड्रिल, दुसऱ्या बाजूला पाय नसलेलं शिवणयंत्र. गिऱ्हाईक यायचं, बोटाने माझं चाक फिरवायचं, "जड दिसतेय हो," म्हणायचं आणि पुढे जायचं. अंगावर धूळ बसायची. तीही कोणी झटकायचं नाही.

अशात एका दुपारी एक नवरा-बायको दुकानात आले. तो उंच, हडकुळा, एक खांदा खाली आलेला. गाड्यांचे जुने भाग हाताने घासून चकचकीत करायचा त्याचा धंदा. चिंधी आणि पॉलिश घेऊन जन्मभर घासघास घासलं, म्हणून खांद्याने हात टेकले होते. आता मशीन हवी होती, पण खिशाला झेपेल अशी. बायको त्याच्या पाठोपाठ, हातातली पिशवी घट्ट धरून. तेच माझे मालक आणि ह्या बाई. इथून पुढे मी त्यांना तसंच म्हणणार आहे.

दुकानदाराने आधी हातात धरून फिरवायचं एक यंत्र पुढे केलं. "स्वस्तात मस्त. हलकं आहे, घ्या."

"हे गाडीच्या पत्र्यावर फिरवायला ठीक," मालक म्हणाले. "मला सुटे भाग करायचेत. एका हातात यंत्र, एका हातात दाराची मूठ, मग ती दाबून धरू कशाने, कपाळाने?"

दुकानदार हसला आणि त्याने कापडी चाक चढवलेला एक ग्राइंडर दाखवला. मालकांनी त्याच्या दांड्यावर वीत ठेवली. "हा आखूड आहे. मूठ बसेल, पण बंपर फिरवायला गेलो की मोटरीच्या पोटावर आपटेल. आणि हा पळतोही फार. माल करपून जाईल."

मग आली एक जवळजवळ नवी मशीन. निळी, गुळगुळीत, लांब दांड्यांची. दुकानदाराने ती चालू केली. मालकांनी खिशातून एक गंजकी मूठ काढून चाकाला लावली, दाबली, आणखी दाबली. मशीन ढिम्म. एकाच सुरात चाललेली.

"बघितलंत? कितीही दाबा, वेग हलत नाही हिचा."

"तेच तर," मालक म्हणाले. "हूं नाही की चूं नाही. नको ही."

दुकानदाराला काही कळेना. बाईंनाही कळेना. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मालकांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. "ती कोण?"

ती मी.

"ती होय? ती राहू द्या हो. जोर संपलाय तिचा. जरा दाबलं की कण्हते."

"लावा तर खरी."

माझ्या अंगातून किती दिवसांनी वीज फिरली! लाज वाटावी इतकी धूळ उडाली. चाक वेगात आलं, तेव्हा मालकांनी ती मूठ चाकाच्या खालच्या अंगाला टेकवली. नेहमी खालीच टेकवायची असते. वर टेकवली तर चाक हिसका मारून ती छातीवर फेकतं. मग त्यांनी डोळे मिटले. हळूच दाबलं, माझा सूर किंचित उतरला. सोडलं, वर आला. परत दाबलं, परत उतरला. दुकानदार जाणकार गिऱ्हाइकाकडे बघावं तसा बघत होता. बाईंच्या कपाळावर मात्र आठी होती.

"हीच," मालक डोळे उघडून म्हणाले.

भाव बाईंनी केला. "आत्ता तुम्हीच म्हणालात ना, जोर संपलाय म्हणून? मग किंमत कशाच्या जोरावर सांगताय?" दुकानदार हसला आणि त्याने भाव उतरवला. ही बाई आपल्याला पुढे फार कामाला लावणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

टेम्पोच्या मागच्या भागात मला आडवं टाकलं आणि ती दोघंही माझ्याशेजारीच बसली. टेम्पो रस्त्याला लागला. मग बाई म्हणाल्या, "अहो, एक विचारू? डोळे मिटून मशीन कोण घेतं?"

मालक बाहेर बघत होते. "उघडे ठेवून तरी काय फरक पडतो?"

"म्हणजे?"

"मधलं दिसत नाही गं मला. कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघतो तर तुझ्या जागी एक राखाडी डाग असतो, आणि तुझ्या मागची भिंत स्वच्छ दिसते."

बाईंच्या हातातली पिशवी घसरली. "डॉक्टरकडे चला आजच्या आज."

"जाऊन आलो. गेलेलं परत येत नाही म्हणाले. आहे ते किती टिकेल, ते सांगता येत नाही."

"मला न सांगता गेलात?"

"तू रडली असतीस."

"आता काय हसतेय का मी?"

त्या खरंच रडत होत्या, आणि त्या रडण्यातच दोघांत दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक बाईंची, आपण शेजारी उभ्या असल्याशिवाय मालकांनी मशीनला हात लावायचा नाही. हे गोलगोल फिरणारं जनावर आहे, बोटं ओढून नेईल. हो, जनावर म्हणाल्या मला! दुसरी गोष्ट मालकांनी घालून दिली. लेकीला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही. लेकीला परगावी नुकतीच नोकरी लागली होती. तिला कळलं असतं तर ती सगळं सोडून घरी येऊन बसली असती, आणि ते मालकांना नको होतं. दुकान बंद करून तिच्या घरी एका कोपऱ्यात बसणं त्याहून नको होतं. "हे काम आहे तोवर मी आहे," ते म्हणाले. "हे गेलं की मी नुसता खुर्चीत बसवून ठेवलेला माणूस."

तशी आमची वर्षं सुरू झाली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं तीच, आणि थकवणारीही तीच. मालक मला डोळ्यांनी चालवत नव्हते, कानांनी चालवायचे. भाग खरबरीत असेल तर चाक खरखरायचं, गुळगुळीत होत आला की नुसतं सरसरायचं. वडी संपत आली की चाक कोरडं फुसफुसायचं. आणि दाब जास्त झाला की माझा सूर उतरायचा. तो उतरला की ते हात हलका करायचे. जी खोड नळाच्या कारखान्यात कुचेष्टेचा विषय होती, तिच्यावर या घराची चूल पेटत होती. मला कधी नव्हे तो अभिमान वाटायचा.

बाई शेजारी उभ्या राहून भाग हातात द्यायच्या, पूर्ण झालेला फडक्यात घ्यायच्या, आणि कोणी गिऱ्हाईक बसलेलं असलं की मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या, "अहो, ती डावी कड अजून काळी आहे, तुम्ही बघितलीच असेल." मालक म्हणायचे, "बघितली, बघितली." माझ्या डोक्यावर एक मोठा दिवा लावलेला होता. मालकांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तो लोकांसाठी होता. कडेकडेचं दिसत असल्यामुळे ते कुठे धडपडायचे नाहीत, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. पण रोज सगळं सांभाळून घेता घेता ती दोघं किती दमायची, ते मला ठाऊक. संध्याकाळी शटर ओढलं की बाई माझ्या बाकाला टेकून खाली बसायच्या आणि बराच वेळ उठायच्या नाहीत. वर्षानुवर्षं पुडीत उभं राहून त्यांना खोकला जडला होता.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मिशीवाले. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून द्यायचं त्यांचं गॅरेज. मिशा एवढ्या भरघोस की हसले की नाही ते कळायचंच नाही. ते मालकांचं काम दिव्याखाली तिरकं धरून बघायचे आणि म्हणायचे, "तुमच्या हाताला डोळे आहेत बुवा." बाई लगेच चहा टाकायला आत पळायच्या.

एकदा लेक सुट्टी घेऊन घरी आली. आल्या आल्या तिने आईचा खोकला ऐकला, भिंतींवरची काळी पूड बघितली आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आई, ही कसली कण्हतेय गं? हिची सेवानिवृत्ती कधीच व्हायला हवी होती." मला राग आला नाही. माझं एक बेअरिंग तेव्हा खरंच कुरकुरायला लागलं होतं.

पोर गुणाची हो. स्वतःच्या पगारातून बापाला मशीन घ्यायची म्हणून बाजारात दुकानं पालथी घातली. काय काय विचारलं तिने! दांडा लांब आहे ना, मोटर मजबूत आहे ना, सुटे भाग मिळतात ना, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पूड ओढून घेणारा पंखा आहे का. परवडेल अशा मशिनींतली सगळ्यात शहाणी मशीन तिने निवडली. तिच्याकडून चूक काही झाली नाही. जे तिला माहीत असायला हवं होतं तेच फक्त घरच्यांनी तिला सांगितलेलं नव्हतं.

नवी आली. पांढरी, देखणी. चालू केली की पंख्याची एकच मोठी घरघर, आणि तिच्यात बाकी सगळे आवाज बुडालेले. कितीही दाबा, वेग तोच. लेक टाळ्या वाजवत म्हणाली, "बाबा, कशी आहे?"

मालकांनी तिच्या अंगावरून हात फिरवला. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "छान आहे," ते म्हणाले.

आणखी काय म्हणणार होते? मला पोत्यात गुंडाळून बाकाखाली सरकवलं. पोत्याच्या भोकातून मला जमीन दिसायची आणि त्या दोघांचे पाय दिसायचे, बाकीचं मी आवाजावरून ओळखायचे. बाईंचे पाय आता मालकांना अगदी चिकटून उभे असायचे. बाईच त्यांच्या कानात "बास," "आता सोडा," "इकडे फिरवा" सांगायच्या. त्यावर कसंबसं निभावत होतं.

त्यातच मिशीवाल्यांनी एका फार जुन्या गाडीची पुढची जाळी आणून दिली. गाडीच्या तोंडावर असते ना, ती. "तसली दुसरी कुठे मिळायची नाही," ते म्हणाले, "म्हणून तुमच्याकडे." त्या दिवशी दुपारी ते जाळी न्यायला येणार होते. काम आटोपलं होतं, एक कड तेवढी राहिली होती. आणि तेव्हाच लेकीने आईला खोकला दाखवायला दवाखान्यात नेलं. बाई जाताना म्हणाल्या, "मी येईपर्यंत हात लावायचा नाही." मालक "हो" म्हणाले.

थोडा वेळ त्यांचे पाय स्टुलाजवळ दिसत होते. मग ते मशीनकडे वळले. एकच कड तर राहिलीय, असं वाटलं असेल त्यांना. बटण दाबलं. घरघर सुरू झाली. बाकाखाली माझा जीव टांगणीला लागला. त्यांची सवय मला माहीत होती ना! सूर उतरला की हात सोडायचा, तोवर दाबत जायचं. आणि नवीचा सूर काही केल्या उतरेना. त्यांना वाटलं, चाक अजून नीट लागलंच नाही. त्यांनी आणखी दाबलं. तिथे कडेवरचा क्रोमचा मुलामा झिजून पातळ झालेला होता. तिथे तर हात फुलासारखा हलका हवा. मी पोत्यात होते. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

मिशीवाले आले. त्यांनी जाळी दिव्याखाली तिरकी धरली आणि तशीच खाली ठेवली. "हे काय केलंत?"

"काय झालं?"

"काय झालं म्हणजे? सगळी कड पिवळी पडलीय! मुलामा निघून खालचं निकेल बाहेर आलंय. दिसत नाही का तुम्हाला?"

नेमक्या त्याच वेळी मायलेकी दारात आल्या. बाईंना एका नजरेत कळलं. लेकीला काहीच कळलं नव्हतं. ती तावातावाने पुढे झाली. "काका, बाबांच्या हातून असं होणंच शक्य नाही. उभा जन्म गेलाय त्यांचा यात. या मशीनमध्येच खोट असणार. मी आत्ता जाते त्या दुकानदाराकडे आणि चांगली फैलावर घेते त्याला. फसवलं त्याने मला!"

ती खरंच पर्स उचलून निघाली. मालकांना गप्प बसता आलं असतं. सगळं त्या पांढऱ्या मशीनवर ढकललं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं, आणि इतकी वर्षं झाकून ठेवलेलं आणखी थोडे दिवस झाकलं गेलं असतं.

"थांब," ते म्हणाले. "मशीन चांगली आहे. दुकानदाराने काही फसवलेलं नाही. मला दिसत नाही, बाळ."

पंखा अजून घरघरत होता. बाईंनी पुढे होऊन तो बंद केला.

"दिसत नाही म्हणजे? चष्म्याचा नंबर वाढलाय?"

"चष्म्याचं नाही ते. तू आत्ता समोर उभी आहेस, पण तुझा चेहरा मला दिसत नाही. तू नोकरीला लागलीस तेव्हापासून मी तो नीट बघितलेला नाही."

लेकीने पर्स खाली ठेवली आणि ती स्टुलावर बसली. आधी ती रडली नाही, चिडली. "आणि आई, तुला माहीत होतं? दोघांनी मिळून मला परकी केलीत? मी फोनवर विचारायची, बाबा कसे आहेत, आणि तू म्हणायचीस, मजेत. मी फोटो पाठवायची आणि बाबा म्हणायचे, छान आलाय!"

 बाईंना खोकल्याची उबळ आली. मग लेक उठली, आईच्या पाठीवरून हात फिरवायला लागली आणि तिथेच तिचा बांध फुटला.

मिशीवाले इतका वेळ जाळीकडे बघत उभे होते. "मग इतकी वर्षं काम कसं करत होतात?" त्यांनी विचारलं. मालकांनी वाकून मला पोत्यासकट बाकाखालून ओढलं. "हिच्या आवाजावर," ते म्हणाले. मिशीवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. मिशा! ते चिडलेलेच होते. "मला सांगायला हवं होतंत," एवढंच म्हणाले आणि जाळी घेऊन निघून गेले.

पुढचे काही दिवस शटर अर्धंच उघडलेलं होतं. लेकीचं म्हणणं, सगळं आवरा आणि माझ्याकडे चला. मालक नुसते स्टुलावर बसून राहायचे. ते ज्याला भीत होते तेच समोर आलं होतं, खुर्चीत बसवून ठेवलेला माणूस. शेवटी बाई म्हणाल्या, "आवरायचं कशाला? मी करते की."

"तुला येतं का?" मालक म्हणाले.

"इतकी वर्षं शेजारी उभी राहून मी काय माशा मारत होते? आणि जे येत नाही ते सांगायला तुम्ही आहात ना."

लेकीने नवी मशीन दुकानदाराला परत केली. त्याने नाक मुरडलं, पण बदल्यात खिडकीत बसवायचा एक वेगळा पंखा दिला. मी थांबले की तो चालू होतो. आम्ही दोघं कधीच एकदम बोलत नाही. बाईंना तोंडावर बांधायला मास्क आला. मला पुसून पुन्हा बाकावर चढवलं. बेअरिंगवाला आला तेव्हा मालकांनी त्याला बजावलं, "खरखर काढ, पण हिचा आवाज मात्र आहे तसा ठेव." तो डोकं खाजवत म्हणाला, "लोक उलटं सांगतात हो." लेक नोकरीवर परत गेली. आता रोज फोन करते आणि बापाला 'मजेत' एवढ्यावर सोडत नाही.

बऱ्याच दिवसांनी मिशीवाले आले. हातात तीच जाळी. तिच्यावर नवा मुलामा चढवून आणलेला. "इथे बिघडली, शेवटचा हात इथेच मारा," म्हणाले. "बघतो मी. जमलं तर काम चालू ठेवू. नाही तर नाही." आणि तासाभराने येतो म्हणून गेले.

बाईंनी मास्क बांधला. मालक बाईंच्या मागे एका उलट्या डब्यावर बसले. बाई घाबरलेल्या होत्या, जाळी दोन्ही हातांनी घट्ट आवळून उभ्या होत्या. भीतीने माणूस जास्त दाबतो. त्यांनी कड टेकवली आणि दाबली. मित्रांनो, मी थकलेली होते, पण त्या दिवशी मी अंगातलं सगळं बळ लावून कण्हले.

"सोड," मालक म्हणाले.

बाईंनी हात हलका केला. माझा सूर वर आला.

"आता चालव तसंच. पुढे सरक. हं, वडी लाव, कोरडं झालंय चाक. आता परत. हलकं. बास. थांब."

चाक हळूहळू थांबलं. बाईंनी जाळी फडक्याने पुसली आणि दिव्याखाली धरली.

"पिवळं दिसतंय का कुठे?" मालकांनी विचारलं.

"नाही. माझं तोंड दिसतंय."

मालक डब्यावरून जरा पुढे झुकले. मग म्हणाले, "कशी दिसतेस गं?"

बाईंनी मास्क खाली ओढला आणि जाळीत नीट बघितलं. "केस बरेच पिकलेत. डोळ्यांखाली काळं आलंय. नाकावर तुमची ही पूड. म्हातारी दिसतेय आणि दमलेली दिसतेय."

"आणि मी?"

"तुम्ही मागे बसलाय. कोपऱ्यात, छोटेसे. पण दिसताय."

मिशीवाले आले. त्यांनी जाळी तिरकी धरून सगळ्या कडांवरून अंगठा फिरवला.  जाळी घोंगडीत गुंडाळून गाडीत ठेवली आणि परत येताना दाराच्या दोन काळ्या मुठी घेऊन आले. "ह्या पुढच्या आठवड्यात द्या, वहिनी," ते म्हणाले.

तर अशी मी. आता पोटातली तार जुनी झालीय, लवकर गरम होते. किती दिवस चालेन कोण जाणे. पण मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी जुनं असेल, यंत्र असेल नाहीतर माणूस. यंत्र असेल तर वेळेवर तेलाचा थेंब द्या, अंगावरची धूळ झटका, आणि ते कुरकुरलं म्हणून लगेच भंगारात काढू नका. माणूस असेल आणि त्याचा आवाज उतरलेला वाटला, तर काय झालं म्हणून विचारा. तो म्हणेल, काही नाही, मजेत आहे. तरी लगेच उठून जाऊ नका, जरा वेळ बसा तिथे. माझ्या मालकांना कोणी असं आधीच विचारलं असतं, तर बाई एवढ्या दमल्या नसत्या.

झालं, शटरचा आवाज आला. आज एका बंपरचं काम आहे, सगळी संध्याकाळ जाणार. चला, उठा आता. त्या डब्यावर मालक बसतात.